द्राक्षाची बाग सापडते, बागायतदाराचे नाव का जुळत नाही?

युरोपच्या बाजारात नाशिकच्या द्राक्षांच्या खोक्यात काही खोट निघाली, तर ती द्राक्षे निफाड किंवा दिंडोरी तालुक्यातल्या नेमक्या कोणत्या बागेतून उतरली, हे नोंदींवरून काढता येते. खोक्यावरून पॅकहाऊस, पॅकहाऊसच्या नोंदीवरून माल, मालावरून बाग, असा उलटा माग लागत जातो. मात्र त्याच बागेचा धनी एखाद्या योजनेचा अर्ज भरायला बसला की घोडे अडते. सातबाऱ्यावर त्याचे नाव ‘भाऊसाहेब’, आधार कार्डावर ‘भाऊराव’ आणि बँकेच्या पासबुकावर कुणीतरी कानावर पडले तसे इंग्रजीत टंकलेले तिसरेच काही. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. कुठे वडिलांचे नाव पूर्ण, कुठे नुसते आद्याक्षर. माणूस एक, जमीन एक, गाव एक. तरी संगणकाच्या लेखी ही तीन माणसे.

दोन्ही ठिकाणी संगणक आहेत, दोन्हीकडे सरकारी यंत्रणा आहे आणि दोन्हीकडची माहिती त्याच शेतकऱ्याची आहे. मग न्हावा शेवा बंदरातून रॉटरडॅमला गेलेल्या घडाचा पत्ता लागावा आणि तालुक्याच्या गावी खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाची ओळख पटू नये, असे का? बँका, रुग्णालये, कारखाने, महापालिका या साऱ्यांना छळणारा हाच प्रश्न आहे. व्यवस्थापनाच्या भाषेत त्याला ‘मास्टर डेटा मॅनेजमेंट’ असे नाव आहे. त्यात यश कशाने येते, याचे उत्तर बहुतेक वेळा ‘चांगले सॉफ्टवेअर’ असे दिले जाते. नाशिक जिल्ह्यातल्या या दोन नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या तर उत्तर वेगळे निघते. चुकीची नोंद कुणाला बोचते आणि ती दुरुस्त करणे कुणाच्या हातात असते, यावर सारे ठरते.

कीर्द, खतावणी आणि खात्याचे नाव

जुन्या किराणा दुकानात दोन वह्या असत. कीर्दीत रोजचे व्यवहार लिहिले जात: आज कुणी किती साखर नेली, कुणी किती रोख दिले. खतावणीत प्रत्येक गिऱ्हाइकाचे एक पान असे आणि कीर्दीतली रक्कम त्याच्या पानावर चढवली जाई. मास्टर डेटा म्हणजे त्या पानाच्या माथ्यावर लिहिलेले नाव. व्यवहार रोज येतात आणि जातात. माथ्यावरचे नाव वर्षानुवर्षे तेच राहते आणि सगळे व्यवहार त्यालाच टांगलेले असतात. आता एका गिऱ्हाइकाची दोन पाने निघाली, एक ‘पाटील मास्तर’ आणि दुसरे ‘वाड्याशेजारचे पाटील’, तर काय होईल? एका पानावर उधारी चढत जाईल, दुसऱ्या पानावर जमा पडत राहील. कीर्दीतली प्रत्येक ओळ खरी असेल, बेरीज बिनचूक असेल आणि तरी हिशेब खोटा असेल. मास्टर डेटातल्या चुकीची हीच खोडी आहे. ती कुठल्याही एका व्यवहारात दिसत नाही आणि सगळे व्यवहार बिघडवते.

दुकानदार मात्र या घोळातून सहज सुटत असे, कारण पाटील मास्तर कोण हे त्याला तोंडपाठ होते. संस्था मोठी झाली की ते ज्ञान कुणा एकाच्या डोक्यात मावत नाही. नाशिकमधल्या सातपूर किंवा अंबडच्या एखाद्या कारखान्याचे स्टोअर डोळ्यांसमोर आणा. एकाच बोल्टची नोंद एकाने ‘बोल्ट हेक्स एम १०’ अशी केली, रात्रपाळीच्या माणसाने ‘एम १० बोल्ट’ अशी आणि खरेदी विभागाने पुरवठादाराच्या बिलावर होते तसे तिसरेच नाव उतरवले. संगणकात तीन वस्तू झाल्या. पहिलीचा साठा शून्य दाखवला म्हणून नवी खरेदी निघाली आणि शेजारच्या खणात तोच बोल्ट पोत्याने पडून राहिला. पैसे अडकले ते बोल्ट महाग होता म्हणून नव्हे. त्याची तीन नावे पडली म्हणून अडकले.

चौकट: तीन शब्द

*मास्टर डेटा:* ज्या माणसांविषयी, वस्तूंविषयी किंवा जागांविषयी व्यवहार होतात, त्यांची मूळ नोंद. ग्राहक, पुरवठादार, सुटा भाग, शेत, गाव.

*ओळख क्रमांक:* त्या नोंदीला एकदाच मिळणारा आणि पुढे न बदलणारा आकडा.

*नोंदीचा धनी:* त्या नोंदीत बदल करण्याचा अधिकार आणि ती बरोबर ठेवण्याची जबाबदारी ज्याच्यावर आहे तो माणूस किंवा विभाग.

बागेला नंबर कसा मिळाला

द्राक्षांच्या नोंदीची सुरुवात संकटातून झाली. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीडनाशकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि सगळी निर्यातच संशयाच्या छायेत आली. दोष काही बागांचा असेल, पण त्या कोणत्या हे सांगण्याची सोय नव्हती. त्यामुळे शिक्षा सर्वांनाच. निर्दोष बागायतदाराला आपले निर्दोषत्व दाखवायलाही जागा उरली नाही. यानंतर अशा अंशांच्या, म्हणजे रेसिड्यूच्या, तपासणीची योजना उभी राहिली आणि २००६ मध्ये ‘अपेडा’ने, म्हणजे शेतमालाच्या निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाने, ‘ग्रेपनेट’ ही संगणकीय व्यवस्था सुरू केली.

तिची रचना नीट पाहण्यासारखी आहे. युरोपला माल पाठवायचा असेल तर बागायतदार आधी कृषी विभागाकडे बागेची नोंदणी करतो. नोंदणी शेतकऱ्याच्या नावाने होते, पण ओळख मिळते ती बागेला: अमुक गटातला, अमुक वाणाचा, अमुक क्षेत्राचा हा तुकडा, हा त्याचा क्रमांक. एका शेतकऱ्याच्या तीन बागा असतील तर तीन क्रमांक. कृषी अधिकारी बाग पाहून जातो. काढणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेतो आणि अहवाल त्या बागेच्या क्रमांकावर चढतो. अंश मर्यादेबाहेर निघाले तर त्या बागेबद्दल सावधानतेची सूचना निघते आणि तिचा माल युरोपच्या वाटेवर पुढे सरकत नाही. अहवाल चांगला आला तर पॅकहाऊस माल घेते, अ‍ॅगमार्कची प्रतवारी होते, पीक निरोगी असल्याचे प्रमाणपत्र निघते आणि कंटेनर सुटतो. पुण्याजवळ मांजरीला असलेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र प्रयोगशाळांच्या कामावर संदर्भ प्रयोगशाळा म्हणून लक्ष ठेवते.

या साखळीत प्रत्येक रकाना भरणारा हात ठरलेला आहे. प्रयोगशाळा बागेचे क्षेत्र ठरवत नाही, पॅकहाऊस रेसिड्यूचा अहवाल लिहीत नाही आणि निर्यातदाराला बागेचा क्रमांक आपल्या सोयीने बनवता येत नाही. एकाने लिहायचे, बाकीच्यांनी वाचायचे. शिवाय नोंद चुकली तर ती चुकवणाऱ्यालाच आधी लागते. बागायतदाराने नोंदणी केली नाही, तर ऑक्टोबर छाटणीपासून राबून पिकवलेला माल स्थानिक बाजारात द्यावा लागतो. पॅकहाऊसने चुकीच्या बागेचा क्रमांक घातला तर प्रमाणपत्रच अडते. चूक आणि तिचा चटका यांत अंतर थोडे आहे, आणि ज्याला चटका बसतो त्याला ती निस्तरायला कुठे जायचे हेही ठाऊक आहे. ग्रेपनेट चालले यामागे संगणकाच्या करामतीपेक्षा या बांधणीचा वाटा मोठा आहे.

नंबरात अर्थ भरला की नंबर बदलावा लागतो

नावे बदलतात म्हणून क्रमांक हवा, इतके सर्वांना पटते. पण क्रमांक कसा असावा यात पुष्कळ संस्था फसतात. त्यांना क्रमांकातून सारे काही वाचता यावेसे वाटते: पहिली दोन अक्षरे शाखेची, पुढची दोन विभागाची, मग वर्ष, मग प्रकार. शाखा बंद पडली किंवा विभागाचे नाव बदलले की तो क्रमांक खोटे बोलू लागतो. मुंबई सेंट्रल स्थानकाचा रेल्वे संकेत शहराचे नाव बदलल्यानंतरही कित्येक वर्षे ‘बॉम्बे’च्या आद्याक्षराने सुरू होत होता. पुढे तो बदलला आणि जिथे जिथे तो वापरात होता, तिथे तिथे फेरफार करावा लागला. पॅन क्रमांकाचे पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रीचा पॅन मात्र तोच राहतो, आणि ते योग्यच आहे. पण मग त्या पाचव्या अक्षरावर कुणी विसंबायचे नसते. गाडीच्या पाटीवर एमएच १५ आहे म्हणून गाडी आज नाशिकमध्येच असेल असे नाही, तसेच हे.

आधारने हा मोह टाळला. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. त्या बारा आकड्यांत ना राज्य आहे, ना जन्मसाल, ना जात. शेवटचा आकडा आधीच्या अकरांवरून गणिताने काढलेला असतो, त्यामुळे टंकताना एखादा आकडा चुकला तर संगणक तिथल्या तिथे हटकतो. मुका आकडा आणि सोबत एक राखणदार आकडा, एवढे पुरते. पण आधारचा क्रमांक चोख असला तरी त्यासोबतचे नाव ज्या दिवशी ज्याने जसे टंकले तसेच राहिले आहे. म्हणजे क्रमांकाने अर्धेच काम झाले.

आधी व्याख्या ठरवावी लागते

एखाद्या सहकारी संस्थेत किती ग्राहक आहेत, असा प्रश्न तीन विभागांना विचारला तर तीन आकडे येतात. कुणीच खोटे बोलत नसते. वसुली विभाग कर्जदार मोजतो, ठेव विभाग खाती मोजतो, सचिव सभासद मोजतात. व्याख्येचा हा प्रश्न तांत्रिक वाटतो, पण महाराष्ट्राने तो फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला आहे. २०१७ च्या कर्जमाफीत दीड लाख रुपयांपर्यंतचा लाभ कुटुंबाला होता आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अज्ञान मुले. बँकेच्या वहीत मात्र ‘कुटुंब’ नावाचा रकानाच नसतो. तिथे खातेदार असतो. जी गोष्ट मुळात नोंदलेलीच नाही, तिच्यावर आधारलेला निकष लावायचा म्हणजे लाखो अर्ज मागवून, ते बँकांच्या माहितीशी ताडून पाहणे आले. त्यात वेळ गेला. २०१९ च्या कर्जमुक्ती योजनेत कुटुंबाऐवजी वैयक्तिक शेतकरी हा निकष धरला गेला आणि आधारने पडताळणी झाली. कोणता निकष अधिक न्याय्य, हा वेगळा वाद आहे. पण नोंद ज्या घटकाची आहे त्याच घटकाला निकष लावला की काम सोपे होते, हे मान्य करावे लागते.

याच्या उलट बाजूचा धडाही द्राक्षांनीच दिला. २०१० च्या हंगामात युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश सापडले. वेलीची वाढ आवरण्यासाठी वापरले जाणारे हे संजीवक. बागायतदार त्याला सीसीसी किंवा लिहोसिन म्हणतात. बागा नोंदलेल्या होत्या, नमुने घेतलेले होते, अहवाल चढवलेले होते. पण तपासायच्या रसायनांच्या यादीतच हे नाव नव्हते. शेतकरी आणि निर्यातदार दोघेही मोठ्या नुकसानीत गेले आणि त्यानंतर ते नाव यादीत आले. प्रत्येक बागेची नोंद बिनचूक असली, तरी ज्या यादीशी ती ताडायची ती यादीच अपुरी असेल तर सारी शिस्त वाया जाते. म्हणून यादीलाही धनी लागतो, आणि ‘यात काय राहिले?’ असा प्रश्न दर हंगामाआधी विचारणे हे त्याचे कामच असले पाहिजे.

बोच एकाला, दुरुस्ती दुसऱ्याच्या हातात

आता सातबाऱ्याकडे वळू. इथे एक आक्षेप रास्त आहे. ग्रेपनेट आणि सातबारा यांची तुलना बरोबरीची नाही. ग्रेपनेटचा प्रश्न लहान आहे: ही बाग कोणती आणि यंदा तिच्यात काय फवारले? सातबाऱ्याचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे: या जमिनीवर हक्क कुणाचा? वारस, वाटण्या, बोजा, कूळ, कोर्टातले दावे हे सारे त्यात येते. हे खरेच आहे आणि त्यामुळे सातबाऱ्याला ग्रेपनेटइतके चटपटीत होणे जमणार नाही. पण नावातल्या काना-मात्रेचा घोळ हा हक्काचा वाद नाही. ‘भाऊसाहेब’ आणि ‘भाऊराव’ एकच, याविषयी गावात कुणाच्याही मनात शंका नसते. तरी ती चूक वर्षानुवर्षे टिकते. कारण चूक बोचते शेतकऱ्याला आणि दुरुस्तीचा अधिकार असतो तहसील कार्यालयात. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५५ खाली लेखनप्रमादाची दुरुस्ती होते, पण त्यासाठी अर्ज, पुरावे, हेलपाटे आलेच. ज्याच्या हातात लेखणी आहे त्याचे चुकीच्या नावाने काहीच अडत नाही.

महसूल विभागाने हे अंतर कमी करण्याचा एक उत्तम उपाय वापरला होता आणि तो आपल्याकडचाच जुना होता. संगणकीकृत सातबारे कायम करण्याआधी, २०१७ मध्ये, गावोगावी चावडी वाचन झाले. तलाठी उतारे मोठ्याने वाचत आणि ज्यांच्या जमिनी, ते समोर बसून चूक दाखवत. जगभरच्या कंपन्या जुनी माहिती स्वच्छ करण्यासाठी महागडी साधने विकत घेतात. त्यांतल्या कुठल्याही साधनाला जे कळणार नाही ते चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्याला कळते, की या गटातला तो मेला आणि ही त्याची सून. माहिती असलेला माणूस, चूक बोचणारा माणूस आणि लेखणी धरणारा माणूस एकाच जागी आणणे, हे चावडी वाचनाचे सामर्थ्य आहे.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी याच दिशेने एक पाऊल पुढे गेली. पूर्वी शेतात काय पेरले हे तलाठी लिहीत असे. आता शेतकरी मोबाइलवर शेताचा फोटो घेऊन ते स्वतः नोंदवतो. अ‍ॅपच्या सुधारित आवृत्तीत त्याला आपली नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करता येते आणि काही नोंदींची पडताळणी तलाठी करतो. शेतकरी खोटी नोंद करणार नाही कशावरून, असे कुणी विचारील. करूही शकेल, म्हणून तर पडताळणी आहे. पण कांदा लावला की मका, हे त्याच्याइतके नक्की कुणाला ठाऊक असते? पहिली लेखणी जाणकाराच्या हातात आणि तपास दुसऱ्याच्या हातात, हीच योग्य वाटणी आहे.

एप्रिल २०२५ पासून कृषी विभागाच्या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आहे. त्यात आधारवरचे नाव आणि जमिनीच्या अभिलेखातले नाव किती जुळते याची तपासणी होते. दोन वह्या अखेर समोरासमोर आल्या, हे चांगलेच झाले. सक्तीला माझा विरोध नाही. युरोपची सक्ती नसती तर ग्रेपनेटही उभे राहिले नसते. पण ग्रेपनेटची सक्ती साखळीतल्या प्रत्येकाला लागते, आणि इथे ती एकट्या शेतकऱ्यालाच लागली तर जुनी चूक नव्या क्रमांकाने त्याच्याच गळ्यात पडेल. नाव जुळत नाही म्हणून अर्ज अडला की त्या गावच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या, म्हणजे तलाठ्याच्याच, कामाच्या यादीतही ती दुरुस्ती मुदतीसह आपोआप चढली पाहिजे. तेव्हाच बोच आणि लेखणी एकत्र येतील.

यंत्र जुळवणी सुचवील, निवाडा कोण देईल?

दुसरा आक्षेप नव्या जमान्याचा आहे. आता कृत्रिम बुद्धिमत्ता ‘भाऊसाहेब’ आणि ‘भाऊराव’ एकच हे ओळखते. मग इतका खटाटोप कशाला? ओळखते, आणि लाखो नोंदींतून संशयित जोड्या निवडून देण्याचे काम ती माणसापेक्षा कितीतरी वेगाने करते. तो उपयोग जरूर करावा. पण आपल्याकडे आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत आहे. एकाच गावात, एकाच आडनावाचे, एकाच नावाचे चुलतभाऊ निघतात. दोन माणसांना एक ठरवण्याची चूक एका माणसाला दोन ठरवण्यापेक्षा महाग पडते, कारण तीत एकाची जमीन किंवा पैसे दुसऱ्याच्या नावावर जातात. अशा वेळी ‘होय, हे एकच’ असे म्हणून सही करणारा माणूस लागतो, आणि चुकल्यास त्यालाच विचारता आले पाहिजे. सॉफ्टवेअर विकणारी कंपनी ती सही करत नाही.

उरला खर्चाचा आणि आवाक्याचा प्रश्न. सगळे एकदम एकत्र आणायचे ठरवले की वर्षे जातात, साहेब बदलतात आणि प्रकल्प फायलीत राहतो. अपेडाने एकच पीक आणि एकच कडक बाजार घेऊन सुरुवात केली. ते चालल्यावर त्याच धर्तीवर डाळिंब, आंबा, भाजीपाला यांच्या नोंदण्या आल्या. पतसंस्थेने आधी फक्त कर्जदारांची यादी घ्यावी, कारखान्याने आधी सर्वांत महाग शंभर सुट्या भागांची. पण त्या एवढ्याशा यादीतही प्रत्येक रकान्याचा धनी नावानिशी ठरवावा.

आपल्या संस्थेत नव्या सॉफ्टवेअरचा ठराव येणार असेल, तर त्याआधी एक दिवस काढा. ग्राहकांच्या किंवा मालाच्या यादीतल्या शंभर ओळी कागदावर छापा. खिडकीवर बसणारा कारकून, वसुलीला हिंडणारा माणूस आणि स्टोअर सांभाळणारा जुना कामगार यांना एका टेबलाभोवती बसवा आणि ती यादी मोठ्याने वाचा. चुका ते सांगतील. त्या दुरुस्त करायचा अधिकार त्यांच्यापैकी कुणाला द्यायचा, हे त्याच बैठकीत ठरवून लिहून ठेवा.